रोझेटो: माझ्या सासरच्या मूळ गावाबद्दल

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत आरोग्याच्या पानावर एक छोटी चौकट होती, की अमेरिकेत रोझेटो नावाचं गाव आहे आणि तिथल्या इटालियन लोकांना पूर्वी हार्ट अटॅक यायचाच नाही कारण ते ऑलिव्ह ऑइल, टोमॅटो आणि ताज्या भाज्या खायचे. माझ्या आईने चिपळूणहून त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि खाली लिहिलं, हे तुझ्या सासरचंच गाव ना ग? हो, तेच. सासूबाई तिथे जन्मल्या, वाढल्या, नवरा दर उन्हाळ्यात तिथल्या चर्चच्या जत्रेत असायचा आणि मी गेली १७ वर्षं तिथून पाऊण तासावर राहते. म्हणून हे पत्र. लांब होईल, कापायचं असेल तर कापा पण तेलाचं तेवढं दुरुस्त करा.

कारण तेलाची गोष्ट चक्क उलटी आहे. ज्या डॉक्टरांनी १९६०च्या सुमाराला या गावाचा अभ्यास केला त्यांनाही आधी तेच वाटलं होतं की हे लोक जुन्या देशातलं काहीतरी हेल्दी खात असणार, पण घराघरात जाऊन बघितलं तर स्वयंपाक डुकराच्या चरबीत चाललेला, कारण ऑलिव्ह ऑइल महाग आणि चरबी घरच्या डुकराची. पिझ्झ्यावर सॉसेज, सलामी, हॅम, कधी अंडीसुद्धा. जेवणातल्या कॅलरीजपैकी ४१ टक्के चरबीतून येत होत्या, पुरुष सिगारेटी ओढायचे आणि पोटंही सुटलेली होती. तरी पंचावन्नच्या आतला माणूस हार्ट अटॅकने गेला असं त्या गावात जवळजवळ घडत नव्हतं. शेजारचं बँगोर गाव चालत जाण्याच्या अंतरावर, तेच पाणी, तेच डॉक्टर, तेच हॉस्पिटल, आणि तिथे मात्र बाकी अमेरिकेसारखेच अटॅक येत होते. मग कारण काय, तर त्याचं उत्तर शोधायला मूळ गावापासून सुरुवात करावी लागते, आणि तुमच्या चौकटीत मूळ गावाचं नावसुद्धा नव्हतं.

ते गाव म्हणजे रोझेतो वालफोर्तोरे. (इटलीत रोझेतो म्हणतात, अमेरिकेत तेच रोझेटो झालं, मीही पुढे तसंच लिहिते म्हणजे कुठलं गाव ते कळेल.) दक्षिण इटलीत पुल्या प्रांत आहे, नकाशावर बुटाची टाच दिसते ना तो, त्यात फोज्जा जिल्हा, आणि त्या जिल्ह्याच्या पश्चिमेला डोंगर लागतात तिथे फोर्तोरे नदीच्या उगमाजवळ साडेसहाशे मीटर उंचीवर हे गाव बसलंय. आम्ही २०१८च्या मे महिन्यात सासूबाईंना घेऊन गेलो होतो. फोज्जाचं मैदान सपाट, गव्हाचं, आणि मग गाडी जी वळणं घेत वर चढायला लागते ती चढतच राहते, कडेने पवनचक्क्या, आणि एका वळणावर एकदम दगडी घरांचा झुबका. घरं एकमेकांना इतकी चिकटून की एका घराची भिंत तीच दुसऱ्याची. दारांच्या दगडी चौकटी मात्र कोरीव, कारण इथले लोक पिढ्यानपिढ्या दगड फोडणारे आणि घडवणारे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. आज गावात जेमतेम हजार माणसं उरलीत, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, फक्त चौकात चार म्हातारे बाकावर.

गावाच्या मुख्य चौकात जमीनदारांचा वाडा आहे. बाकीच्यांची शेती डोंगराच्या उतारावर नाहीतर खाली दरीत, म्हणजे सकाळी अंधारात सहा-सात किलोमीटर खाली चालत जायचं आणि दिवसभर राबून संध्याकाळी तेवढंच वर चढून यायचं. खालच्या मैदानात मोठी शेती होती पण तिथे मलेरिया होता आणि त्या मैदानाचा कायदाच वेगळा होता, १४४७ पासून नेपल्सच्या राजाने ते मेंढ्यांच्या चराईसाठी राखून ठेवलेलं. अब्रुत्सीच्या डोंगरातून हिवाळ्यात मेंढ्यांचे कळप खाली यायचे, राजा त्यावर कर घ्यायचा, त्यामुळे नांगराला जागा कमी. १८०६ साली सरंजामशाही कायद्याने संपली आणि चराईचं ते खातंही बंद झालं, पण गावच्या सामाईक जमिनी ज्यांच्याकडे पैसे आणि वकील होते त्यांच्याच घशात गेल्या. पुस्तकात सरंजामशाही गेली असं वाचलं की वाटतं चला सुटले, पण सुटले नव्हते.

आणि मग १८६१ला इटली एक देश झाला. आपल्याकडे शाळेत माझिनी आणि गॅरिबाल्डी शिकवतात, सावरकरांनी माझिनीवर लिहिलेलं पण आपल्याला माहीत असतं, त्यामुळे इटलीचं एकीकरण म्हणजे एक तेजस्वी गोष्ट अशीच माझ्या डोक्यात होती. दक्षिणेतल्या गावकऱ्यांच्या वाट्याला त्यातून काय आलं हे मला लग्न झाल्यावर कळलं. सक्तीची लष्कर भरती आली, आणि १८६९ पासून दळणावर कर आला. पिठाच्या गिरणीच्या जात्याला फेरे मोजायचं यंत्र बसवायचे आणि गव्हाच्या क्विंटलमागे दोन लिरा कर. म्हणजे भाकरीवरच कर की हो. १८८४ला तो रद्द झाला पण तोपर्यंत लोक निघायला लागले होते.

१८८२च्या जानेवारीत रोझेतोतून अकरा जण निघाले, दहा पुरुष आणि एक मुलगा. न्यूयॉर्कला उतरले, पहिली रात्र मलबेरी स्ट्रीटवरच्या एका दारूच्या दुकानात जमिनीवर झोपून काढली, आणि मग काम शोधत पश्चिमेला पेनसिल्व्हेनियात बँगोरला पोचले. बँगोर हे वेल्समधल्या बँगोरवरून ठेवलेलं नाव, कारण तिथल्या दगडाच्या खाणी वेल्सच्या लोकांनीच काढल्या. कुठला दगड, तर स्लेट, म्हणजे आपली पाटी. घरांच्या छपरांना, शाळेतल्या फळ्यांना आणि मुलांच्या पाट्यांना लागणारा दगड या पट्ट्यातून निघायचा. मी पहिल्यांदा त्या खाणीच्या काठावर उभी राहिले, आता सगळ्या खाणीत हिरवं पाणी भरलंय, तेव्हा पायाखालचे काळे तुकडे बघून मला चिपळूणच्या शाळेतली लाकडी चौकटीची पाटी आठवली, ओल्या फडक्याने पुसली की यायचा तो वाससुद्धा आठवला.

घरचेच दगडफोडे असल्यामुळे त्यांना काम मिळालं, पण चांगलं काम नाही मिळालं. दगडाचे पातळ थर छिन्नीने वेगळे करणं हे कसबाचं काम, ते आणि मुकादमी वेल्स-इंग्लिश लोकांकडे, आणि खड्ड्यात उतरून सुरुंगानंतरचा राडारोडा उपसणं इटालियनांकडे, पगारही कमी. तरी घरी पत्रं गेली की काम आहे, या. पुढच्या वर्षी पंधरा आले, मग आणखी, आणि नुसत्या १८९४ या एका वर्षात रोझेतोतल्या बाराशे लोकांनी पासपोर्टसाठी अर्ज केले. बाराशे! गल्ल्याच्या गल्ल्या ओस पडल्या. माझ्या नवऱ्याचे पणजोबा त्याच लाटेत १८९५ला निघाले, वय १७, आणि आईला परत कधी भेटले नाहीत. नंतर १९२४चा अमेरिकेचा कायदा आला, अख्ख्या इटलीतून वर्षाला चार हजारांच्याही आत लोक घ्यायचे असं ठरलं, आणि दोन गावांमधला रस्ताच बंद झाला.

इथे आल्यावर त्यांना बँगोरमध्ये राहायला कोणी आनंदाने जागा दिली नाही, मग बँगोरच्या वर खडकाळ टेकडी होती ती त्यांनी तुकड्या-तुकड्याने विकत घेतली. परत टेकडीच, परत दगडच. घरं पुन्हा तशीच एकमेकांना खेटून, छपराला स्लेट. आधी न्यू इटली म्हणायचे, मग रोझेटो नाव पडलं. मुख्य रस्त्याला गॅरिबाल्डी अ‍ॅव्हेन्यू. मूळ गावात माउंट कार्मेलच्या मेरीचं चर्च आहे तर इथेही त्याच मेरीचं चर्च. सासूबाई २०१८ला तिकडच्या चर्चच्या दारात उभ्या राहून बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या की लहानपणापासून मला वाटायचं आमचं चर्च ओरिजिनल आहे.

या टेकडीचं गाव केलं ते फादर पास्क्वाले दे निस्को यांनी, ते १८९७ला आले. लोकांना त्यांनी घरामागची लांबट जागा साफ करायला लावली, बियाणं वाटलं, कांदे, बटाटे, घेवडा, टरबूज, फळझाडं लावायला लावली, मंडळं काढली, जत्रा सुरू केली. ते गेल्यानंतर लगेचच १९१२ला रोझेटोला स्वतःची नगरपालिका मिळाली, अमेरिकेत इटालियन लोकांनी स्थापन केलेली आणि चालवलेली पहिलीच. ज्यांना वीस-तीस वर्षांपूर्वी खड्ड्याच्या तळाशी ठेवलं होतं त्यांचा स्वतःचा मेयर झाला.

आता मला जे खरं सांगायचंय ते बायकांबद्दल, कारण रोझेटोवर जिथे कुठे काही वाचते तिथे डॉक्टर असतात, फादर असतात, खाणीतले पुरुष असतात आणि बायका फक्त चुलीपाशी असतात. छपरांना डांबरी शिंगल्स आल्या तशी स्लेटची मागणी पडली, खाणी एकेक बंद व्हायला लागल्या, आणि तेव्हा गाव तगलं ते गॅरिबाल्डी अ‍ॅव्हेन्यूवरच्या शिलाई कारखान्यांवर. बायकांचे ब्लाउज म्हणजे शर्टासारखे टॉप शिवायचे डझनभर कारखाने होते त्या एवढ्याशा गावात. पैसे पीसवर. सासूबाईंची आई चौदाव्या वर्षी शाळा सोडून कॉलर लावायला बसली आणि चाळीस वर्षं कॉलरच लावत राहिली, दिवसाला किती डझन ते शेवटपर्यंत तोंडपाठ होतं, आणि युनियनचं कार्ड तिने प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलेलं, ते अजून आमच्या घरी आहे. दुपारी कारखान्याचा भोंगा झाला की ज्या घरात म्हातारी असेल ती अख्ख्या आळीच्या पोरांना सूप वाढायची, कोणाचं पोर कोण विचारायचं नाही. तीन पिढ्या एका छपराखाली हे लेखांत फार गोड वाटतं पण ते जमलं कारण आजी घरी आणि आई मशीनवर होती, आणि मशीनवरची आई होती म्हणून पोरं कॉलेजला गेली.

अभ्यासाचं थोडक्यात सांगते. स्टुअर्ट वुल्फ नावाचे डॉक्टर ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीत होते, त्यांचं उन्हाळ्याचं घर जवळच होतं, तिथल्या स्थानिक डॉक्टरने त्यांना सहज सांगितलं की इतकी वर्षं प्रॅक्टिस करतोय पण रोझेटोचा पासष्टच्या आतला हार्टचा पेशंट क्वचितच दिसतो. वुल्फनी विद्यार्थी आणले, समाजशास्त्रज्ञ जॉन ब्रून आले, मृत्यूचे दाखले काढले, नगरपालिकेच्या खोलीत सगळ्या गावाचं रक्त आणि इसीजी घेतले. सासूबाई सोळा वर्षांच्या होत्या, आईचा हात धरून लाइनीत उभ्या होत्या, त्यांना सुईपेक्षा जास्त आठवतं ते म्हणजे बायकांनी डॉक्टरांसाठी आणलेले खाण्याचे डबे. आनुवंशिक आहे का म्हणून अमेरिकेत इतरत्र गेलेले रोझेटोचे नातेवाईक तपासले, तर ते बाकीच्यांसारखेच. मग उरली ती राहायची पद्धत, जेमतेम दीड-दोन हजार वस्तीच्या गावात २२ मंडळं, ज्याच्याकडे पैसा आलाय त्याने तो मिरवायचा नाही, पडलेल्याला उचलायचं. १९६४ला त्यांनी हे छापलं. आणि त्यांनी तेव्हाच अंदाज केला होता की हे गाव बदललं तर हे संरक्षणही जाईल.

ते तसंच झालं, आणि तुमच्या चौकटीत हे अजिबात नव्हतं. साठच्या दशकाच्या शेवटी शिकलेली पोरं परत आली किंवा आलीच नाहीत, गावाबाहेर मोठी सुटी-सुटी घरं झाली, कुंपणं आली, मोठ्या गाड्या आल्या, १९७१ला पंचेचाळीसच्या आतला पहिला माणूस हार्ट अटॅकने गेला. १९९२ला पन्नास वर्षांच्या मृत्यूंची तुलना छापून आली, १९६५च्या पुढे रोझेटो आणि बँगोर यांच्यातला फरक मिटलाच होता. गाव लहान, आकडे लहान, त्यामुळे त्यावर शंका घेणारे डॉक्टर आहेत आणि ते मला मान्य आहे. पण कोणी याचं एकत्र कुटुंबात राहा आणि शंभर वर्षं जगा असं औषध करून वाटायला लागलं की मला फार त्रास होतो. त्या एकत्र राहण्यात चौदाव्या वर्षी शाळा सोडलेल्या मुली आहेत, सगळ्या गावाची नजर आहे, आणि दुसरीकडे कोणी घरच देत नव्हतं हेही आहे. लोक जवळ राहिले कारण दूर जायला जागा नव्हती. जागा मिळाली तेव्हा त्यांची पोरं गेली आणि त्यात मला काही चूक दिसत नाही, सासूबाई स्वतःच गेल्या, नर्सिंग शिकायला.

आता मूळ गावाच्या कागदपत्रांबद्दल, कारण तुमच्याकडे बरेच वाचक वंशावळीत रस घेणारे आहेत. नेपल्सच्या राज्यात १८०९ पासून जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद सुरू झाली आणि त्यातल्या पुष्कळ वह्या आज इटलीच्या सरकारी पुराभिलेखांच्या साइटवर फुकट बघता येतात. मी लॉकडाऊनमध्ये रात्र-रात्र जागून त्या वाचल्या. नाव, वय, बापाचं नाव, धंदा. धंदा बहुतेक एकच, मजूर, मजूर, मजूर, मग मधेच एखादा दगडफोड्या. बायकांना सूत कातणारी म्हणून लिहिलंय. आणि बाई मरेपर्यंत माहेरच्या आडनावानेच लिहिली जाते, त्यामुळे आयांची ओळ शोधणं तिथे जमतं. मी माझ्या स्वतःच्या पणजीचं माहेरचं नाव शोधायला गेले तर आमच्या घरात कोणालाच ते माहीत नव्हतं, लग्नात नाव बदललेलं, सातबाऱ्यावर नाहीच. नवऱ्याच्या घराण्यातल्या १८१० सालच्या बाईचं पूर्ण नाव मला माहीत आहे. पहिल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत तिकडेही आहे त्यामुळे एकाच नावाचे सहा चुलतभाऊ निघतात, मग गावात टोपणनावं चालतात, ती वहीत नसतात, ती चौकातल्या म्हाताऱ्यांना माहीत असतात. आम्हाला आमचं घर त्यांनीच दाखवलं. आडनाव सांगून कळेना, टोपणनाव सांगितल्यावर दोघं एकदम उठले.

त्यातल्याच एकाने मला विचारलं, तू कुठली? इंडिया म्हटल्यावर म्हणाला युद्धात इंडियन सैनिक आले होते. खरंच आले होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण ज्या आठव्या इंडियन डिव्हिजनमध्ये होती ती १९४३च्या सप्टेंबरात पुल्यातल्याच तारांतो बंदरात उतरली, तिथून उत्तरेला लढत गेली, आणि त्याच पलटणीचे नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांना १९४५ला सेनियो नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमच्या कोकणातले माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात गेले, त्यांनाही मरणोत्तर तोच. माणगावचा पुतळा मी लहानपणी एसटीतून किती वेळा पाहिला असेल, पण इटली म्हणजे नेमकं कुठे हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता.

एक ताजी गोष्ट सांगून थांबते. २०२५च्या मार्चमध्ये इटलीने नागरिकत्वाचे नियम एकदम घट्ट केले, मे महिन्यात त्याचा कायदाही झाला, आता साधारणपणे आई-वडील किंवा आजी-आजोबांपर्यंतचाच इटालियन धागा चालतो, पणजोबांचा नाही. इथले बरेच ओळखीचे लोक पासपोर्टसाठी कागद जमवत होते त्यांनी फायली बंद केल्या. माझा नवराही त्यातून बाहेर पडला. सासूबाईंचं मात्र बसतं, त्यांचे आजोबा तिकडचे, पण त्यांना पासपोर्ट नकोय, त्यांना परत एकदा मे महिन्यात तिकडे जायचंय आणि चौकातल्या त्या बाकावर बसायचंय. वय ऐंशी आहे, पुढच्या वर्षीची तिकिटं काढलीत.

तर विनंती एवढीच की पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापा: रोझेटोत ऑलिव्ह ऑइल नव्हतं, डुकराची चरबी होती, आणि ते लोक रोझेतो वालफोर्तोरे, जिल्हा फोज्जा, इथून आले होते. छापलीत तर कात्रण आईला पाठवायला सांगेन, सासूबाईंना त्या गावाचं नाव देवनागरीत कसं दिसतं ते दाखवायचंय.

आपली वाचक,
ईस्टन, पेनसिल्व्हेनिया
(मूळ चिपळूण)